दुसरं पेडल

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पुढच्या खोलीत एक काळा फळा आहे. त्यावर वरच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचं लिहून घेतलंय, ‘सरांच्या पायाने टळलेले अपघात’. खाली आकडा. आकडा मात्र खडूने, कारण तो वाढत असतो. गेल्या बुधवारी सकाळी तो चारशे सतरा होता.

सर म्हणजे माझा नवरा. घरात मी त्यांना अहो म्हणते, स्कूलमध्ये चारचौघांत सर म्हणते, आणि मनात काय म्हणते ते राहू दे. आकडा लिहायचं काम माझ्याकडे. हे शिकवणी आटोपून आले की गाडीतून उतरायच्या आधीच खिडकीतून एक बोट वर करतात. कधी दोन. मग मी ओल्या फडक्याने जुना आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. एकोणीस वर्षं मी हे इमानेइतबारे करत आले.

ज्यांनी शिकायची गाडी आतून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेकचं पेडल असतं. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्याने ते दाबायचं, गाडी थांबते, संपलं. पण आमच्या ह्यांनी त्या पेडलाचा असा काही थाट केलाय की विचारू नका. रोज सकाळी गाडी पुसताना काचांवर एकदा फडकं फिरतं आणि त्या पेडलावर दोनदा. गावात ह्यांचं नाव ब्रेकसर पडलंय आणि ते ऐकलं की स्वारीची कॉलर आपोआप ताठ होते. कुणाकडे जाऊन बसलो की चहा येईपर्यंत ह्यांचे दोन अपघात टाळून झालेले असतात.

फळ्यावरचा पहिला अपघात म्हणजे मी.

स्कूल उघडलं तेव्हा विद्यार्थी म्हणून कुत्रंही फिरकत नव्हतं. रजिस्टर कोरं दिसू नये म्हणून ह्यांनी पहिल्या ओळीत माझं नाव घातलं आणि मला शिकवायला घेतलं. मला तर हवंच होतं. पहिला दिवस बरा गेला, दुसरा त्याहून बरा. तिसऱ्या दिवशी, अठरा तारखेला, दवाखान्याच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन एकदम गाडीपुढे आले. हे ओरडले, “ब्रेक!” गाडी थांबली. बंपर त्यांच्या पिशवीला लागला, दोन बटाटे घरंगळत गटाराकडे गेले. बाकी कुणाला काही झालं नाही. आणि हे माझ्याकडे वळून म्हणाले, “माझा पाय नसता तर आज तू माणूस मारला असतास.”

हे वाक्य मी त्या दिवसापासून ऐकतेय. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी ते सांगितलं जातं, तेही माझ्यासमोर, माझ्याकडे बोट दाखवून. गोष्ट वर्षागणिक फुगत गेली. पाचव्या वर्षी त्या गृहस्थांच्या बोटाला धरून एक नातू आला. दहाव्या वर्षी नातही आली. हल्ली ते गृहस्थ काठी टेकत येतात. मी समोर चहाचे कप विसळत असते आणि खाली मान घालून ऐकते. नवीन मुली माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात, तेव्हा कप आपटावासा वाटतो.

पण मी ते खरं मानलं, हेही तितकंच खरं. आपल्या हातून माणूस गेला असता, केवळ ह्यांच्या पायामुळे वाचला. चौथ्या दिवशी मी गाडीत बसलेच नाही. रजिस्टरात माझ्या नावापुढे ह्यांच्या अक्षरात शेरा आहे, ‘भित्री. सोडले.’

त्यानंतर मी बसने फिरले. गाडी दारात आणि मी बसस्टॉपवर. सहा वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघरात पडली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आईचं घर इथून गाडीने पाऊण तासावर. हे म्हणाले, “दोन क्लास उरलेत, ते झाले की निघू.” मी दोन बस बदलून अडीचला पोचले. तोवर शेजारणीने तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. आई खाटेवर पडल्या पडल्या मला म्हणाली, “तुमच्याकडे तर गाडी आहे ना गं?” ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारत होती. ते मला अजून झोंबतं.

आता एक गोष्ट सांगते जी ह्यांना ठाऊक नव्हती. स्कूलचे सगळे फॉर्म मी भरते. शिकाऊ परवाना सहा महिन्यांनी संपतो. आईच्या त्या प्रकरणानंतर मी दर सहा महिन्यांनी गठ्ठ्यात एक फॉर्म जास्तीचा घालायला लागले. माझा. दरवेळी नवा परवाना येतो, मी तो पर्समध्ये ठेवते, आणि तो पर्समध्येच संपतो. असे अकरा परवाने माझ्याकडे कपाटात रबर लावून ठेवलेत. बारावा चालू होता. दर वेळी वाटायचं, या खेपेला सांगायचं. आणि दर वेळी ती पिशवी डोळ्यांपुढे यायची.

तर बुधवार.

गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही हे दर वर्षी तपासून घ्यावं लागतं. आमची मुदत त्या दिवशी संपत होती आणि शुक्रवारी आमच्या आठ पोरापोरींची परवान्याची परीक्षा होती, ती ह्याच गाडीवर. ह्यांना काळजी म्हणून नव्हती. आजवर तपासणीला जुने साहेब असायचे. ते उन्हात खुर्ची टाकून बसत. फॉर्मवर एक रकाना असतो, ‘दुसरे ब्रेक पेडल: आहे / नाही’. साहेब बसल्या जागेवरून मान लांब करून खिडकीतून आत बघत. पेडल दिसे, चकचकीत दिसे. “आहे” वर खूण. मग हे त्याच्यावर पाय ठेवून दाखवत आणि म्हणत, “लोण्यासारखं चालतं, साहेब.” साहेब म्हणत, “वा.” असं अठरा वेळा झालं.

या वेळी मलाही बरोबर जावं लागलं. गाडी माझ्या नावावर आहे. स्कूल काढलं तेव्हा हे दुसरीकडे नोकरीत होते, त्यामुळे सगळी कागदपत्रं माझ्या नावाची. आणि ह्या वर्षी नवा नियम, मालक स्वतः हजर पाहिजे. मी फाइल मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. हे वाटभर शीळ घालत होते.

तपासणीच्या आवारात पोचलो तर उन्हातली खुर्ची गायब. तिथे पत्र्याची मोठी शेड उभी राहिली होती आणि शेडमध्ये जमिनीत लोखंडी रूळ बसवलेले. गाडीची चाकं त्या रुळांवर उभी करायची, रूळ फिरतात, चाकं फिरतात, मग ब्रेक दाबायचा आणि भिंतीवरच्या मोठ्या तबकडीत काटा वर चढतो. ब्रेक किती लागतो ते सगळ्या रांगेला दिसतं. जुने साहेब निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी एक बाई होत्या. किडकिडीत, केसांत पेन्सिल खोचलेली, आवाज मात्र खणखणीत.

आमच्या पुढे बर्फाचा टेम्पो होता, त्यातून पाणी टपकत होतं. मागे पाण्याचा टँकर. टेम्पो पास होऊन गेला. बाईंनी आमची फाइल उघडली.

“मालक कोण?”

“मी,” म्हटलं.

“या, तुम्हीच घ्या गाडी आत.”

“मला चालवता येत नाही.”

बाईंनी गाडीकडे बघितलं. टपावर पाटी आहे, ‘आत्मविश्वासाने चालवायला शिका’. मग माझ्याकडे बघितलं. टँकरचा ड्रायव्हर खो खो हसायला लागला. हे पण हसले, आणि मला राग आला तो ह्यांच्या हसण्याचा. “आमच्या हिला वाचवलेलं आहे मी एकदा,” हे म्हणाले. “एकोणीस वर्षांपूर्वी. माझा पाय नसता ना, तर...”

“गाडी घ्या आत,” बाई म्हणाल्या. एकोणीस वर्षांत ती गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी मध्येच तोडली. मला त्या बाई आवडल्या.

ह्यांनी गाडी रुळांवर घेतली. दिवे झाले, हॉर्न झाला, वायपर झाले. साधा ब्रेक दाबला, काटा सुर्रकन वर गेला. बाईंनी लिहिलं. “आता दुसरं पेडल. तुम्ही त्या सीटवर बसा.”

हे ऐटीत पलीकडे जाऊन बसले. पॅण्टला चुण्या पडू नयेत म्हणून गुडघ्याजवळ जरा वर ओढली. रूळ फिरायला लागले, चाकं फिरायला लागली.

“दाबा.”

काटा शून्यावर.

“दाबा हो.”

“दाबलंय!”

“दाबलं असतं तर काटा हलला असता. जोरात दाबा.”

“अहो बाई, पाय खाली टेकलाय माझा!”

खरंच टेकला होता. मी दारात उभी राहून बघत होते. पेडल पार खालपर्यंत गेलं होतं, ह्यांच्या कपाळावरची शीर फुगली होती, आणि चाकं आपली मजेत फिरत होती. ह्यांनी पाय उचलला, पेडल स्प्रिंगने टुणकन वर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा टुणकन. काटा ढिम्म.

“मशीन बिघडलंय तुमचं,” हे म्हणाले.

बाई खाली वाकल्या, केसांतली पेन्सिल काढली, बॅटरी लावून पेडलाच्या मागे बघितलं आणि मला हाक मारली. “मालक, इकडे या. बघा.”

मी वाकून बघितलं. हे पेडल एका लांब रॉडने ड्रायव्हरच्या पेडलाला जोडलेलं असायला हवं, म्हणजे हे दाबलं की ते दबतं. तिथे रॉड नव्हता. तुटलेला नव्हता, गळून पडलेला नव्हता. रॉड अडकवायचं भोक होतं आणि त्याच्यात कारखान्यातला मूळ रंग तसाच भरलेला होता. बाईंनी पेन्सिलीने टोकरून दाखवला.

“इथे कधी काही जोडलेलंच नाही,” त्या म्हणाल्या. “हे पेडल हवेत आहे.”

“परवापर्यंत लागत होता!” हे म्हणाले. “परवा मी स्वतः एका मुलीला वाचवलं! विचारा हिला, आकडा लिहिलाय हिने!”

टँकरवाला आता हसायचा थांबून मन लावून ऐकत होता.

“चार वाजता शेड बंद होते,” बाई म्हणाल्या. “त्याच्या आत जोडून आणा, मी पुन्हा बघते. नाहीतर पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळेल.” आणि फॉर्मवर ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्हींवर त्यांनी फुली मारली, बाजूला स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘दिसते’.

बाहेर आलो. साडेअकरा झाले होते. शुक्रवारचे आठ जण ह्यांच्या डोळ्यांपुढे नाचत असणार. ज्या काचेच्या मोठ्या गॅरेजात आमची गाडी जाते तिथे फोन केला, तर आठ दिवसांनंतरची वेळ देत होते. शेवटी मी म्हटलं, “डॉक्टरांकडे जाऊ.”

डॉक्टर म्हणजे म्हातारे मेकॅनिक. इंजिनाला कान लावून ऐकतात म्हणून हे नाव. पेडल त्यांनीच बसवलेलं, गाडी घेतली तेव्हा. पण पहिल्याच वर्षी त्यांनी विद्यार्थ्यांसमोर सांगून टाकलं की ह्या गाडीचा क्लच पोरांनी खराब केला नाही, शिकवणाऱ्याने केलाय. तेव्हापासून ह्यांनी त्यांच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आता दुसरा इलाज नव्हता. हे नाक मुठीत धरून निघाले.

डॉक्टर स्टुलावर बसून कार्बोरेटर पुसत होते. ह्यांना बघून उठले नाहीत. हे म्हणाले, “दुसऱ्या पेडलाचा रॉड कुणीतरी काढून नेलाय. चोरीच म्हणायची.”

“काढून कोण नेईल?” डॉक्टर म्हणाले. “तो माझ्याकडे आहे.”

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर खिळ्यांची रांग होती. कोपऱ्यातल्या दोन खिळ्यांवर आडवा एक रॉड, आणि रॉडवर डॉक्टरांचा पंचा वाळत घातलेला. म्हणजे एकोणीस वर्षं आमच्या ब्रेकवर पंचा वाळत होता.

“पेडल बसवलं तेव्हा रॉड आला नव्हता,” डॉक्टर मला सांगायला लागले. ह्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हते. “मी म्हटलं, आठ-दहा दिवस थांबा. तर हे म्हणाले, उद्या स्कूलचं उद्घाटन आहे, पेडल दिसतंय ना, मग झालं. गाडी घेऊन गेले. रॉड आल्यावर दोनदा निरोप धाडला. मग भांडणच झालं. मला वाटलं, दुसरीकडून घालून घेतला असेल. एवढं नाव ऐकतो ब्रेकसर, ब्रेकसर.”

“मग मला जाणवलं कसं नाही?” हे म्हणाले. हा प्रश्न त्यांनी खरंच मनापासून विचारला. मला हसू आवरेना.

“स्प्रिंग आहे ना खाली,” डॉक्टर म्हणाले. “पायाला लागतं काहीतरी.”

मी रॉड खिळ्यावरून उतरवला. पंचा बाजूला ठेवला. रॉडच्या एका टोकाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता. त्यावर तेलकट बोटांचे डाग आणि डॉक्टरांच्या अक्षरात आमच्या गाडीचा नंबर. खाली, ‘रॉड आला. बसवणे बाकी.’ आणि तारीख.

सव्वीस. तोच महिना, तेच वर्ष.

मला दुसऱ्या कुठल्या तारखेसाठी रजिस्टर उघडावं लागलं असतं. ह्या तारखेसाठी नाही. माझा तिसरा दिवस अठरा तारखेचा होता. मी दवाखान्याच्या वळणावर होते तेव्हा हा रॉड गावातसुद्धा आलेला नव्हता.

मी तिथेच एका जुन्या टायरवर बसले. त्या दिवशी गाडीत दोन माणसं होती. एकाच्या पायाखाली नुसती स्प्रिंग होती. मग गाडी थांबवली कुणी? मी! मी थांबवली! तीन दिवस शिकलेली, घामाने थबथबलेली, ह्यांच्या ओरडण्याने दचकलेली मी, पण पाय जिथे पडायचा तिथे पडला होता. तो म्हातारा माझ्यामुळे वाचला होता. आणि त्याच्या बदल्यात मी एकोणीस वर्षं बसस्टॉपवर उभी राहिले, अकरा परवाने संपवले, आईच्या खाटेपाशी साडेचार तासांनी पोचले. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी तो रॉड कुणाच्या तरी डोक्यात घालावा असंही वाटत होतं. कुणाच्या ते सांगायला नको.

“अहो,” मी म्हटलं, “हे वाचा.”

ह्यांनी वाचलं. तारीख बघितली. हिशोब ह्यांनाही जमतो. चेहऱ्यावरून एक एक रंग उतरत गेलेला मी नीट बघून घेतला, घाई केली नाही.

“तारीख चुकली असेल डॉक्टरांची,” हे म्हणाले.

“माझी?” डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले.

“बरं, नसेल जोडलेला,” हे म्हणाले. “पण मी ओरडलो होतो की नाही? ओरडलो म्हणून तू दाबलास ना?”

“म्हणजे दाबला मी,” म्हटलं.

“ते... तांत्रिकदृष्ट्या.”

“आणि ते चारशे सोळा?”

त्या चारशे सोळांनीही आपापला ब्रेक आपणच दाबला होता आणि खाली उतरून ह्यांचे आभार मानले होते. एक जण मात्र त्या आकड्यात कधी आलाच नाही. चार वर्षांपूर्वी एका पोराने शाळेच्या फाटकाचा खांब वाकवला, तेव्हा हे म्हणाले होते की पोराने ऐन वेळी ॲक्सिलरेटर दाबला, ब्रेक बिचारा काय करणार. ते पोर महिनाभर तोंड लपवून फिरत होतं. मला त्याची आठवण झाली आणि फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी पाऊण तासात रॉड बसवला. भोकातला रंग खरवडला, तेल घातलं, ह्यांना पेडल दाबायला सांगितलं. पलीकडे ड्रायव्हरचं पेडल आपोआप खाली गेलं. हे दचकले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आपल्या दाबण्याने काहीतरी झालेलं बघून माणूस दचकणारच.

साडेतीनला पुन्हा शेडमध्ये. या वेळी काटा हलला. बाईंनी फॉर्मवर ‘दिसते’ खोडून ‘चालते’ लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. ह्यांच्या हातात नाही, माझ्या. “पुढच्या वर्षी तुम्ही आत आणा गाडी,” त्या म्हणाल्या.

आवाराबाहेर रस्ता रुंद आहे, दुपारची वर्दळही नव्हती. हे ड्रायव्हरच्या दाराशी गेले. मी त्यांच्या आधी दाराची मूठ धरली.

“तिकडे बसा.”

“अगं, काय करतेस? परवाना लागतो त्याला!”

मी पर्स उघडली आणि बारावा परवाना काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला. “हा कधी काढलास?”

“घरी असे अकरा आहेत. चला, शिकवायचं असेल तर बसा. चौथा दिवस आहे माझा.”

हे पलीकडे जाऊन बसले. बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय सरपटत पेडलावर गेला, सवयीने.

“पाय काढा,” म्हटलं.

“अगं, आता लागतोय तो! आता खरंच लागतोय!”

“म्हणूनच. वर घ्या. मांडी घालून बसा.”

“सीटवर?”

“सीटवर.”

आणि ब्रेकसरांनी बूट काढले, पाय वर घेतले आणि पंगतीला बसावं तशी मांडी घातली. गुडघे डॅशबोर्डला टेकले. पट्टा बांधायला मीच मदत केली, कारण मांडीमुळे हात पोचत नव्हता. सकाळचा टँकरही काहीतरी दुरुस्त करून परत आला होता, तो आमच्या मागून बाहेर पडत होता. त्या ड्रायव्हरने आत डोकावून बघितलं आणि हॉर्न वाजवायचाही विसरला.

मी चावी फिरवली. क्लच, पहिला गिअर, हळूहळू. फॉर्म भरता भरता, एकोणीस वर्षं ह्यांचं शिकवणं खिडकीतून ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. गाडी निघाली. दुसरा गिअर पडला. मग जरा वेळाने हे म्हणाले, “फळ्याचं काय करायचं?”

“मी बघते.”

“एकदम शून्य नको करूस. लोक विचारतील.”

“अहो, मला पुढे बघू द्या.”

दवाखान्याचं वळण आलं. मला ते वळण टाळता आलं असतं, पण मी मुद्दामच गाडी तिकडून घेतली. वळले आणि समोर, दवाखान्याच्या फाटकातून एक औषधांचा टेम्पो पाठीमागे न बघता सरळ उलटा बाहेर आला. ह्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं, पण आवाज फुटला नाही. ह्यांचा पाय मांडीतल्या मांडीत दाबायला गेला आणि गुडघा डॅशबोर्डवर आपटला. गाडी थांबली होती. टेम्पो आणि आमच्यामध्ये हातभर जागा होती. इंजिन धडधडून बंद पडलं.

टेम्पोवाला हात दाखवून निघून गेला. हे गुडघा चोळत होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, “क्लच दाबायचा राहिला तुझा. म्हणून बंद पडली.”

“हो,” म्हटलं. “क्लच राहिला. ब्रेक तेव्हाही नव्हता राहिला.”

मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मी क्लच दाबला आणि पुन्हा चावी फिरवली.